निवड समितीच्या सदस्यांनो, निदान एक लेख वाचून या

प्रति,
राज्यातील विद्यापीठे व वैद्यकीय महाविद्यालये यांच्या निवड आणि पदोन्नती समित्यांचे सन्माननीय सदस्य यांस,

स. न. वि. वि.

आपली ओळख नाही, पण माझी सही तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. उमेदवाराच्या फाइलमध्ये शेवटाकडे एक पान असते: प्रकाशित शोधनिबंध इतके, एकूण सायटेशन (इतर लेखांत आलेले हवाले) इतकी, त्यांवरून काढलेला एच-इंडेक्स इतका, ‘पडताळून पाहिले’. त्याखाली ग्रंथपालाची सही आणि शिक्का. विदर्भातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी एकतीस वर्षे काढली. त्यातली शेवटची बारा-तेरा वर्षे पुस्तकांपेक्षा या पानातच जास्त गेली. आता निवृत्त आहे. कुणाची बढती माझ्यामुळे अडायची नाही की सुटायची नाही, म्हणून हे लिहिते.

माझ्या हातून गेलेली एक फाइल अजून डोक्यातून जात नाही. पीएसएम, म्हणजे प्रतिबंधात्मक व सामाजिक वैद्यकशास्त्र विभागातल्या एक बाई होत्या. विषय हिवताप, आणि तोही गडचिरोलीकडचा. राज्यात हिवतापाचा फार मोठा भार त्या जिल्ह्यावर, आणि त्यातही मेंदूपर्यंत जाणाऱ्या फाल्सिपेरम या परजीवीची धास्ती. बाई पावसाळ्यात भामरागड-एटापल्लीकडे जायच्या आणि रक्ताच्या काचपट्ट्यांचे खोके सांभाळत परत यायच्या. त्यांचे पान तयार करायला बसले तेव्हा लक्षात आले की डेटाबेसमध्ये त्या एक नसून दोन आहेत. लग्नाआधीचे लेख माहेरच्या आडनावाने, नंतरचे सासरच्या. आपल्याकडे मधले नावही बदलते, त्यामुळे आद्याक्षरेही जुळेनात. एकीचा एच-इंडेक्स चार, दुसरीचा पाच. दोघींना एकत्र करा म्हणून मी अर्ज केला, पण तो मंजूर होईपर्यंत मुलाखतीची तारीख येऊन गेली. उलट ‘पाटील एस.’ या नावाखाली कुणी दंतवैद्य, कुणी परदेशातला संगणकतज्ज्ञ आणि आमचे शरीररचनाशास्त्राचे सर एकाच घरात सुखाने नांदत होते. सरांनी ते नाते कधी नाकारले नाही.

मुलाखतीच्या दिवशी पडताळणीला लागले तर म्हणून मला बाहेर बाकावर बसवले होते. बाई वीस मिनिटांनी बाहेर आल्या. आत काय विचारले म्हणून विचारले, तर म्हणाल्या, “एच-इंडेक्स इतका कमी का, एवढेच. हिवतापाबद्दल कुणी काही विचारले नाही हो.”

त्या समितीचे नाव मी घेणार नाही. घेऊन उपयोगही नाही, कारण तिच्यासारख्या बऱ्याच आहेत.

आता तुम्हाला एक गंमत सांगते, ग्रंथपालाच्या बाजूची. हे आकडे मुळात आमचे हत्यार होते. युजीन गारफिल्ड नावाच्या माणसाने १९६४ साली सायन्स सायटेशन इंडेक्स काढला. हा गृहस्थ रसायनशास्त्र आणि ग्रंथालयशास्त्र दोन्ही शिकलेला. कोणत्या लेखाने कोणत्या लेखाचा आधार घेतला याची ती सूची. एका विषयाचा धागा धरून पुढे-मागे जाता यावे, हा हेतू. त्यातूनच इम्पॅक्ट फॅक्टर आला, म्हणजे एखाद्या नियतकालिकातल्या लेखांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा, आणि आम्हाला तो कामाचा होता, कारण तुटपुंज्या पैशांत कोणते नियतकालिक घ्यावे आणि कोणते बंद करावे हे ठरवावे लागे. फडताळात काय ठेवायचे याचा तो निकष. माणूस कुठे बसवायचा हे त्यावरून कुणी ठरवील, असे आमच्या ध्यानीमनी नव्हते. एच-इंडेक्स तर २००५ चा, कॅलिफोर्नियातल्या जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाचा. चार म्हणजे किमान चार-चार सायटेशन मिळालेले चार लेख. बस्स. त्यात काचपट्टी नाही, ताप नाही, एटापल्लीचा रस्ता नाही.

निवृत्तीनंतर रिकामपणाचा उद्योग म्हणून मी एका थोर हिवताप-संशोधक बाईंचे असेच पान तयार करून पाहिले. तुमच्या नमुन्यात, तुमच्या रकान्यांत. यूयू तू, राहणार बीजिंग.

२३ मे १९६७ ला चीनमध्ये हिवतापावर औषध शोधण्याचा एक गुप्त लष्करी प्रकल्प सुरू झाला. तारखेवरूनच त्याचे नाव पडले ५२३. व्हिएतनामच्या जंगलात बंदुकीपेक्षा हिवताप जास्त माणसे पाडत होता आणि क्लोरोक्वीन हे नेहमीचे औषध चालेनासे झाले होते. पारंपरिक औषधांच्या अंगाने शोध घेण्याची जबाबदारी १९६९ मध्ये यूयूबाईंच्या गटावर आली. दोन हजारांवर जुने नुस्खे त्यांनी गोळा केले आणि दोनशे वनस्पतींपासून ३८० अर्क काढून उंदरांवर तपासले. चिंगहाओ नावाच्या झुडपाचा अर्क एकदा लागू पडे, पुढच्या वेळी नाही. मग चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याची एक ओळ त्यांना आढळली: मूठभर चिंगहाओ पाण्यात भिजवावे, पिळावे आणि तो रस प्यावा. उकळावे असे तो म्हणतच नाही! म्हणजे आपण उष्णतेने औषधच मारतो आहोत की काय, असे त्यांच्या मनात आले आणि त्यांनी इथर वापरले, जे ३५ अंशांच्या आसपासच उकळते. ४ ऑक्टोबर १९७१ ला १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांतला हिवताप शंभर टक्के थोपवला. पुढच्या वर्षी माणसांना देण्याआधी तो अर्क यूयूबाई आणि दोन सहकाऱ्यांनी स्वतः घेऊन पाहिला. मग हैनान बेटावर २१ रुग्णांना दिला.

आता पान भरू. या औषधाची, म्हणजे आर्टेमिसिनिनची, रासायनिक रचना जगापुढे मांडणारा लेख १९७७ मध्ये चिनी भाषेत आला. लेखकाच्या जागी एका सहकारी गटाचे नाव. १९७९ मध्ये इंग्रजी लेख आला, तिथेही ‘समन्वित संशोधन गट’. सांस्कृतिक क्रांती नुकतीच सरली होती, आणि नावे छापायची रीत अजून नव्हती. म्हणजे ज्या दोन लेखांवर आजची सगळी आर्टेमिसिनिन-औषधे उभी आहेत, त्यांचे यूयूबाईंच्या खात्यावर गुण किती? आपल्या नियमाने शून्य. आपल्याकडे २०१५ साली तर पदोन्नतीसाठी पहिल्या दोनच लेखकांना धरायचे असा नियम वैद्यकीय परिषदेने केला होता. पुढे तो सैल झाला म्हणा. पण इथे पहिला, दुसरा, विसावा असा कुणी लेखकच नाही.

डॉक्टरेटच्या रकान्यात फुली. परदेशी संशोधनाचा अनुभव, फुली. देशाच्या विज्ञान अकादमीचे सदस्यत्व, तेही नाही. चिनी लोक त्यांना ‘तीन नाहींच्या प्राध्यापक’ म्हणत. २०११ मध्ये लास्कर पुरस्कार आणि २०१५ मध्ये नोबेल मिळाले, तेव्हा ही तीन नाही तशीच होती.

मला त्यात सगळ्यात भावले ते वेगळेच. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधल्या लुई मिलर यांनी शांघायच्या एका बैठकीत हिवतापाच्या चिनी तज्ज्ञांना विचारले, आर्टेमिसिनिन शोधले कुणी? कुणालाच सांगता येईना. मग मिलर आणि त्यांचे सहकारी शिंझुआन सू यांनी काय केले? सायटेशन मोजली नाहीत. मोजून हाती काही लागलेच नसते. त्यांनी जुनी पत्रे, बैठकांची टिपणे, प्रकल्पाचे कागद धुंडाळले, वाचले, आणि २०११ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात लिहिले की मूळ श्रेय यूयू तू यांचे. त्यावरही वाद आहेच. युन्नान आणि शांदोंगमधल्या गटांनी स्फटिकरूप द्रव्य वेगळे काढले, ग्वांगझूच्या ली ग्वोचियाव यांनी रुग्णांवरच्या चाचण्या तडीस नेल्या, आणि नोबेलच्या व्यासपीठावर ही मंडळी नव्हती. हा वाद मला मान्य आहे. पण तो कागद वाचून घातलेला वाद आहे, तुमच्या वीस मिनिटांत घडला तसला नव्हे.

सिकंदराबादच्या रोनाल्ड रॉस यांचेही पान करून पाहिले. २० ऑगस्ट १८९७ ला त्यांना डासाच्या पोटात ते काळे ठिपके असलेले गोळे, म्हणजे हिवतापाचे परजीवी, दिसले. डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख, आणि शीर्षकातच कबुली: दोन डासांत. डासाची जातही धड ठाऊक नाही, ‘ठिपकेदार पंखांचा’ इतकेच. आज हा लेख पाठवला तर नमुनासंख्या अपुरी म्हणून साभार परत येईल. त्यात शोधानंतर महिन्याभरातच साहेबांची बदली राजपुतान्यात झाली, जिथे काम अडले. (बदलीचे दुःख तुमच्यापैकी अनेकांना मी सांगायला नको.) १९०२ चे नोबेल रॉसना मिळाले. ज्याच्या रक्ताने ते डास पोसले, तो हुसेन खान मात्र दर डासामागे एक आणा घेऊन इतिहासातून निघून गेला.

नावांचे हे असेच. कलकत्त्यात १९३२ मध्ये नोल्स आणि बिराज मोहन दास गुप्ता या दोघांनी माकडातला एक हिवताप-परजीवी माणसालाही लागू शकतो हे दाखवले. परजीवीला नाव पडले प्लास्मोडियम नोलेसी. दास गुप्तांचे काही नाही. तो लेख कित्येक वर्षे धूळ खात पडला आणि २००४ मध्ये बोर्निओतल्या सारावाकमध्ये शंभराहून जास्त माणसांत तोच परजीवी सापडल्यावर एकदम सगळ्यांना आठवला. बहात्तर वर्षांनी आलेली सायटेशन कोणत्या पदोन्नतीत धरायची?

तुम्ही म्हणाल, बाई फक्त आकड्यांवर रागावल्या आहेत. तसे नाही. जास्त सायटेशन म्हणजे काहीच नाही, असे मी म्हणत नाही. १९७६ मध्ये ट्रेगर आणि जेन्सन यांनी फाल्सिपेरम प्रयोगशाळेत अखंड वाढवायची रीत दाखवली. काचेच्या बरणीत बशा ठेवायच्या, एक मेणबत्ती पेटवायची, झाकण लावायचे. ती विझेपर्यंत बरणीतला प्राणवायू परजीवीला मानवेल इतका उतरतो. ज्या प्रयोगशाळेला महागडे यंत्र परवडत नव्हते तिथेही हे चालले. हजारो सायटेशन मिळाली, आणि प्रत्येक सायटेशन रास्त. पण आकडा नेहमी इतका सरळ बोलत नाही. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मधल्या एका लेखाने भारतात हिवतापाने दरवर्षी सुमारे २ लाख ५ हजार मृत्यू होतात असा अंदाज मांडला. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता १५ हजार. खूप गदारोळ झाला. सरकारी यंत्रणेला तो मान्य नव्हता, संघटनेलाही नव्हता, घरच्यांना लक्षणे विचारून मृत्यूचे कारण ठरवण्याच्या पद्धतीवर टीका झाली. ज्यांनी टीका केली त्यांनीही त्या लेखाचा हवाला दिलाच, आणि मोजणीत टीका व कौतुक यांना गुण सारखेच. लेख बरोबर की चूक, हे त्या संख्येवरून सांगता येईल का तुम्हाला? मला नाही येणार. लेख आणि त्यावरची उत्तरे वाचावीच लागतील.

हिवतापाच्या बाबतीत याहून मोठी अडचण आहे, आणि पत्र लिहायचे खरे कारण तेच. हृदयरोगाचे संशोधन वापरणारा हृदयरोगतज्ज्ञ स्वतःही लेख लिहितो, म्हणून त्याच्या वापराची नोंद सायटेशनमध्ये उमटते. हिवतापाचे संशोधन वापरते कोण? जिल्हा हिवताप अधिकारी, फवारणीचे कामगार, आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्रात भिंगाखाली पट्टी बघणारा तंत्रज्ञ. ही माणसे लेख लिहीत नाहीत. त्यांनी एखाद्या लेखावरून आपले काम बदलले, तर त्याचा मागमूस कोणत्याही डेटाबेसमध्ये राहत नाही.

मुंबईचेच बघा. १९११ मध्ये चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाचा अहवाल दिला: शहरात रोग पसरवणारा अ‍ॅनॉफिलिस स्टीफेन्सी हा डास दलदलीत नव्हे, घरोघरच्या विहिरींत आणि हौदांत वाढतो. विहिरी बुजवण्या-झाकण्यावरून शहरात मोठे वाद झाले, त्यात धर्मभावनाही आल्या. चर्चगेटजवळची पारशी लोकांची भिका बेहराम विहीर आजही आहे. १९२८ मध्ये गॉर्डन कव्हेल यांनी पुन्हा तोच अभ्यास केला. हे दोन्ही सरकारी अहवाल. त्यांना इम्पॅक्ट फॅक्टर नाही. पण गच्चीवरच्या टाकीला घट्ट झाकण नाही म्हणून महापालिकेचा माणूस आज तुमच्या सोसायटीला नोटीस देतो, ती या ज्ञानातूनच आलेली. तिला सायटेशन म्हणायला माझी हरकत नाही. आणि हाच डास २०१२ मध्ये आफ्रिकेत जिबूतीला आढळला. त्या वर्षी तिथे हिवतापाचे रुग्ण होते २७. २०२० मध्ये ७३ हजारांहून अधिक. ग्रामीण आफ्रिकेतल्या मच्छरदाण्या आणि घरातली फवारणी ज्यांना पाठ, त्यांच्यापुढे अचानक शहराच्या पाण्याच्या टाक्यांचा प्रश्न उभा राहिला. मुंबईने शंभर वर्षांपूर्वी पाहिलेला.

आमच्याकडे ग्रंथालयात झेरॉक्सची वही असे. कोणी, कशाची, किती प्रती काढल्या, पैसे जमा. हिशेब तपासणीसाठी ठेवलेली साधी वही. मगाशी सांगितलेल्या बाईंचा एक चार पानी लेख होता, शेतावर आणि जंगलात मुक्कामाला जाणारी माणसे मच्छरदाणी घरीच का ठेवून जातात, या प्रश्नावर. इथल्याच एका लहान नियतकालिकात आलेला. डेटाबेसप्रमाणे त्याला सायटेशन दोन, त्यातले एक बाईंचेच. वहीत मात्र त्या लेखाच्या नोंदी अकरा. एका तालुका आरोग्य अधिकाऱ्याने एका वेळी सहा प्रती नेल्या होत्या, कर्मचाऱ्यांच्या बैठकीत वाटायला. मी ती वही घेऊन बाकावर बसले होते त्या दिवशी. वेडेपणाच, पण वाटले, कुणी विचारलेच तर दाखवू.

आकड्याला किंमत आली की बाजार आलाच. सायटेशन वाढवून देतो, लेखकांत नाव घालून देतो, पंधरा दिवसांत छापून देतो, अशा मेल आमच्या प्राध्यापकांना रोज येत आणि ते मला विचारायला येत की हे खरे का. काही जण विचारायला येत नसत. मे २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने आपल्या मान्य यादीतून ४३०५ नियतकालिके एकदम काढली, त्या आठवड्यात आमच्या विभागांत सुतकी शांतता होती. मग पुणे विद्यापीठाच्या मदतीने मान्य नियतकालिकांची नवी ‘केअर’ यादी आली, तीही २०२५ च्या फेब्रुवारीत गेली. यादी कितीही चाळली तरी वाचायचे काम ती करून देत नाही.

माझे मागणे एवढेच. उमेदवाराला त्याचे सर्वांत चांगले वाटणारे तीन लेख द्यायला सांगा, आणि त्यातला किमान एक बैठकीआधी प्रत्येक सदस्याने वाचावा. नुसता सारांश नको, अख्खा. तो लेख कुणाच्या उपयोगी पडला हे उमेदवाराला आपल्या शब्दांत, अर्ध्या पानात लिहू द्या. तालुका आरोग्य अधिकाऱ्याचे पत्र असेल तर तेही फाइलला लागू द्या. मुलाखतीचा पहिला प्रश्न त्या लेखावर असावा. नंतर हवा तर एच-इंडेक्स बघा. आणि तो बघायचाच असेल, तर बाईंना आधी विचारा की लग्नाआधीचे नाव काय होते.

वेळ नसतो, हे मी ऐकून आहे. म्हणून त्या चार पानी लेखाच्या प्रती मी स्वतःच्या पैशांनी काढून ठेवल्या आहेत. ज्या समितीला हवी असेल तिला पाठवते. चहा येईपर्यंत वाचून होतो. लेखिकेचे नाव, संस्थेचे नाव आणि नियतकालिकाचे नाव यांवर मी पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली आहे.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल

सोबत: झेरॉक्स प्रत, पाने ४.